शेवंतीच्या शिक्क्याची पिशवी

बोंबलाला वास असतो आणि गिऱ्हाइकाला लाज असते. ह्या दोघांच्या मधे आजवर एक काळी पिशवी होती, म्हणून शेवंतीचं घर चाललं होतं.

विक्रोळी पूर्वेच्या मंडईत भाजीची रांग संपते आणि माणसं नाकाला रुमाल लावायला लागतात, तिथं तिचा गाळा. चार बाय सहाची जागा. सुके बोंबील, सोडे, जवळा, खारे बांगडे, कोकमं आणि घरी कुटलेला मालवणी मसाला. सासू ज्या पाटावर बसून म्हातारी झाली त्याच पाटावर आता शेवंती बसायची. गाळा बारा महिने उघडा, पण धंदा खरा मे महिन्याचा. पावसात ताजी मासळी मिळायची नाही म्हणून कोकणातली माणसं मे महिन्यात सुक्याची बेगमी करून ठेवतात. त्या महिनाभरात जे विकलं जाईल त्यावर पुढचं सगळं. मे गेला की वर्ष गेलं.

आणि गिऱ्हाईक पहिलं वाक्य काय बोलायचं? भाव नाही विचारायचं. 'काळी पिशवी आहे ना? डबल कर.' टॉवरमधे राहायला गेलेली आपलीच माणसं. लिफ्टमधे शेजारी तोंड फिरवतो, म्हणून बोंबील चोरून न्यायचे. चाळीत असताना हीच माणसं दाराबाहेर सुपात बोंबील वाळत घालायची.

मार्च महिन्यात निळं जॅकेट घातलेले पालिकेचे लोक प्लास्टिकबंदीच्या तपासणीला मंडईत शिरले. शेवंती तेव्हा एका बाईला सोडे बांधून देत होती. बाईनंच दोनदा सांगून काळी पिशवी मागून घेतली होती. निळं जॅकेट दिसल्याबरोबर तिनं ती पिशवी शेवंतीच्या पुढ्यात ठेवली आणि बघता बघता गर्दीत मिसळली. पावती शेवंतीच्या नावानं फाटली. पहिल्या खेपेला पाच हजार, दुसऱ्या खेपेला दहा, तिसऱ्या खेपेला पंचवीस आणि वर तुरुंग. साहेबानं हे सगळं शांतपणे समजावून सांगितलं. तरणा माणूस, चष्मा, घामानं जॅकेट पाठीला चिकटलेलं. तो वाईट नव्हता. वाईट नसलेली माणसंच असली कामं करतात. पिशव्यांचे गठ्ठे सायकलवर घालून रोज सकाळी सात वाजता येणारा माणूस सगळ्या मंडईला ठाऊक होता, पण सायकलीला चाकं असतात आणि पाटाला नसतात.

त्यानंतर शेवंती माल कागदात बांधायला लागली. बोंबलाचा काटा कागदाला मानत नाही. गिऱ्हाईक मंडईच्या दाराशी पोचायच्या आत पुडीला भोक पडायचं आणि जवळा रस्त्यावर सांडत जायचा. एक म्हातारा परत येऊन तिच्या पुढ्यात फाटकी पुडी आपटून गेला. बाकीचे तेवढंही करत नव्हते. पिशवी नाही म्हटल्यावर 'मग राहू दे' म्हणायचे आणि चालू पडायचे. एप्रिल लागला तरी बोंबलांची पोती भिंतीला तशीच उभी होती.

अशात शर्मिष्ठा मॅडम आल्या. मुलुंडच्या. 'हरितस्पर्श' नावाची त्यांची संस्था होती, पाच-सहा बायकांची. मंडईच्या तोंडाशी त्यांनी छोटा मांडव घातला, मागं भलामोठा फ्लेक्स लावला, त्यावर हिरव्या अक्षरांत प्लास्टिकमुक्तीची शपथ. तो फ्लेक्स कशाचा बनलाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, शेवंतीच्याही नाही. मॅडमनी विचारलं, मंडईत शिवणकाम कुणाला येतं? माणिक फुलवालीनं शेवंतीला पुढं ढकललं. दोघींचे गाळे समोरासमोर. सकाळचा चहा एका ग्लासातून दोघीत व्हायचा.

मॅडमनी शेवंतीला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. आणि कापडाचे चार रोल दिले, दोन हिरवे, दोन भगवे. कापड संस्थेचं, शिलाई शेवंतीची. तिनं पिशव्या शिवायच्या, आपल्या गाळ्यावर वापरायच्या आणि मंडईतल्या बाकीच्यांना अगदी थोड्या दरात द्यायच्या. मॅडम तिला शेवंतीताई म्हणाल्या. मंडईत तिला आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं. गिऱ्हाइकं 'ए बोंबील' अशी हाक मारायची.

रोल रिक्षातून घरी आले. शेवंतीचा सासरा दशरथ, सगळे त्याला आबा म्हणत, खिडकीशी बसला होता. परळच्या गिरणीत साचाखात्यात चोवीस वर्षं काढलेला माणूस. एका वेळेला चार साचे, म्हणजे माग, चालवायचा. आता शहात्तर वय, डोळ्यांत मोतीबिंदू, कानात साच्यांचा खडखडाट तेवढा उरलेला. त्यानं रोलचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं आणि चोळलं. मग उजेडाकडं धरलं. मग नखानं कडेचा धागा सुटतो का बघितलं.

"ह्या कापड न्हय गो," तो म्हणाला. "उभो धागो खंय? आडवो धागो खंय? ह्या विणलेला नाय, थापलेला आसा. भाकरी थापतत तसा."

शेवंतीनं हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ती कापायला बसली तेव्हा तो पुन्हा तेच बोलला. तिसऱ्या रोलला कात्री लावताना त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा शेवंतीची पाठ भरून आली होती, मानेवर घामोळं उठलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "तुमची गिरणी बंद पडली त्याला तीस वर्षं झाली. माझी आत्ता सुरू होतेय. ती तेवढी नका बंद पाडू."

म्हाताऱ्यानं हातातला तुकडा घडी करून उशाखाली ठेवला.

मग पंधरा दिवस मशीन चाललं. पायमशीन, शेवंतीच्या माहेरचं. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी गाळ्यावर नवरा सुबोध बसला की पुन्हा एक ते चार. सुबोध साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात रात्रपाळीला होता. झोपायच्या वेळेला तो पेंगत पेंगत बोंबील तोलायचा. शेवंतीच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. कात्रीनं अंगठ्याच्या मुळाशी फोड आला, फुटला, त्यावर दुसरा आला. एक गोष्ट तिला जाणवत होती. सुई लवकर तापायची आणि टोकाशी काहीतरी चिकट बसायचं. दर वीस-पंचवीस पिशव्यांनी ती सुई नखानं खरवडून काढायची. आणि घरात तूस उडत नव्हतं. एवढं कापड कापलं तरी लादीवर कापसाचा एक कण नाही. ते बघून तिला बरंच वाटलं, झाडायचं काम वाचलं. आबा मात्र लादीकडं बघत बसायचा. साचाखात्यातून सुटला की पापण्यांवर कापूस बसलेला असायचा त्याच्या.

आणि एके दिवशी काठी टेकत टेकत तो स्टेशनापर्यंत एकटा जाऊन आला. आल्यावर धोतराच्या सोग्यातून एक रबरी शिक्का काढला आणि शाईची डबी. शिक्क्यावर दोन ओळी: शेवंती, विक्रोळी.

गिरणीतली रीत होती ती. प्रत्येक ताक्याच्या कडेला विणणाऱ्याचा नंबर मारायचा. माल चांगला निघाला तरी त्याचा, बिघडला तरी त्याचा. आबा म्हणाला, जो हात चालवतो त्याचं नाव मालावर पाहिजे, शाल घालणाऱ्याचं नको. शेवंतीला वाटलं, म्हाताऱ्यानं माघार घेतली. तिला भरून आलं. तिनं स्वतःच्या हातानं एकेका पिशवीच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का मारला. आजवर तिचं नाव फक्त रेशनकार्डावर आणि त्या दंडाच्या पावतीवर होतं.

पिशव्या सुसाट गेल्या. मंडईतल्या तेरा गाळ्यांवर शेवंतीच्या शिक्क्याची पिशवी दिसायला लागली. माणिकनं तर गाळ्याच्या दोरीवर भगव्या आणि हिरव्या आळीपाळीनं टांगल्या. मे उजाडला आणि पोती खाली व्हायला लागली. टॉवरमधल्या बाया हिरव्या पिशवीतून बोंबील न्यायच्या आणि लिफ्टमधे आत काय आहे ते दिसायचं नाही. पहिल्या आठवड्यात शेवंतीनं मालवणातून आणखी दोन पोती मागवली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मागं न बघता माल मागवला.

दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाला, भर गर्दीत निळी जॅकेटं आली. तोच चष्मेवाला साहेब. कुणी पळालं नाही, कुणी काही लपवलं नाही. पळायचं काय कारण? माणिकनं तर हसून पिशवी वर करून दाखवली. साहेबानं ती हातात घेतली, चोळली. आत हात घालून बघितली, कोपऱ्यातला शिक्का वाचला. मग गर्दीतून शेवंतीच्या पाटाकडं सरकून त्यानं खिशातून लायटर काढला.

"अहो साहेब, कापड आहे ते, जळेल ना," माणिक म्हणाली.

जळलं असतं तर बरं झालं असतं. ज्योत जवळ गेली तसं ते कापड मागं सरकलं. जिवंत असल्यासारखं. कडा गोळा झाली, चकाकली, मेणबत्तीसारखा वास सुटला आणि एक भगवा थेंब लोंबकळून शेवंतीच्या पाटावर टपकन पडला. साहेबानं मग स्वतःचा रुमाल काढला, त्याचा सुटलेला एक धागा तोडला आणि पेटवला. त्याची राख झाली. फुंकर मारल्यावर उडून गेली.

"हे प्लास्टिक आहे, मावशी. कापडासारखं दिसतं एवढंच. ह्यालाही बंदी आहे."

शेवंतीला ते ऐकू आलं पण आत शिरलं नाही. तिचं लक्ष पाटावरच्या थेंबाकडं होतं. तिनं त्याला बोट लावलं. थेंब अजून तापलेला होता, बोटाला चिकटला, आणि तिनं हात ओढला तसं कातडं त्याच्याबरोबर गेलं. पंधरा दिवस जे मांडीवर घेऊन बसले, ज्यावर नाव घातलं, ते हे? तिला आठवली सुईच्या टोकाची ती चिकट घाण. रोज नखानं काढत होते मी. रोज हातात येत होतं.

साहेब तेराही गाळ्यांवर फिरला. पिशव्यांचा ढीग मधे रस्त्यावर जमा झाला. तो पावतीपुस्तक उघडून म्हणाला की वापरणाऱ्याचा दंड वेगळा आणि बनवणाऱ्याचा वेगळा, बनवणारा कोण?

शेवंती तोंड उघडणारच होती. तेवढ्यात माणिक बोलली.

"ही काय, समोर बसलीय. तिनंच दिल्यात सगळ्यांना. नाव वाचा की त्याच्यावर."

बोट रोखून बोलली. सकाळच्या चहाचा ग्लास अजून दोघींच्या मधे, फळकुटावर होता.

मग सगळेच बोलायला लागले. हिनं सांगितलं कापड आहे. आम्हाला काय माहीत. आम्ही गरीब माणसं. जसं काही शेवंतीचे टॉवर होते. साहेबानं पंचनामा लिहायला घेतला आणि तिचं नाव एका नव्या रकान्यात घातलं. उत्पादक. शेवंतीनं तो शब्द दोनदा वाचला. साडेदहाला ती बोंबील विकणारी बाई होती आणि अकराला ती प्लास्टिकची कारखानदारीण झाली होती. दुसऱ्या दिवशी अकराला ऑफिसात येऊन लेखी जबाब द्यायचा, माल कुठून आला ते सांगायचं. तोवर गाळा बंद. शटर ओढलं गेलं, कुलपाला कागद चिकटला. आत पाच पोती बोंबील.

ती तशीच बस पकडून मुलुंडला गेली. मॅडमच्या इमारतीत वॉचमननं वही पुढं केली. कामाच्या रकान्यात काय लिहायचं ते तिला सुचेना, तर त्यानंच लिहिलं, डिलिव्हरी. मॅडम खाली लॉबीत आल्या. वर बोलावलं नाही. ऐकून त्यांनाही धक्का बसला, खोटा नव्हता तो. त्या सोफ्यावर बसल्या आणि शेवंती उभी राहिली. सप्लायरनं इको-फ्रेंडली म्हणून सांगितलं होतं, रोलच्या वेष्टनावर हिरवं पान छापलेलं होतं, आम्ही तरी काय करणार. शेवंती म्हणाली, मग उद्या ऑफिसात चला आणि एवढंच सांगा.

मॅडम थोडा वेळ फोनशी चाळा करत राहिल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "पण ताई, आमच्या संस्थेचं नाव कुठंय त्याच्यावर? नाव तर तुमचं आहे."

एवढं साधं बोलणं, आवाज न चढवता. मॅडमच्या जागी कुणी शिवी दिली असती तर शेवंतीला उत्तर देता आलं असतं. तिनं कापडाची पावती मागितली. ती सप्लायरनं दिलीच नव्हती. निघताना मॅडमनी तिच्या बोटाकडं बघून औषध लावायला सांगितलं.

घरी सुबोध वाट बघत होता. त्याला मंडईतून फोन गेला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि तोड काढली. शिक्क्यावर नुसतं शेवंती आहे, आडनाव नाही. विक्रोळीत शेवंत्या काय कमी आहेत? उद्या लिहून द्यायचं, आम्हीही विकतच घेतल्या, एक फिरता माणूस देऊन गेला. मग तिचा दंड फक्त वापरणाऱ्याचा. मे संपायच्या आत गाळा उघडेल. बाकीचे बारा जण ज्याचा त्याचा भरतील.

"आणि त्यांनी सांगितलं मीच दिल्या म्हणून?"

"त्यांच्या सांगण्याला पुरावा काय? तुझ्यावर बोट दाखवताना माणिकनं विचार केला का तुझा? मग?"

खरं होतं ते. शेवंतीनं बोटाला हळद लावली. मग ती आबाच्या पुढ्यात जाऊन बसली. उशाखालून त्यानं ठेवलेला हिरवा तुकडा तिनं काढला. घडी उलगडली. तुकड्याचा एक कोपरा जळलेला होता. गोळा झालेला, टणक, काळपट थेंब असलेला.

तिला मंडईत बसला नव्हता तेवढा धक्का आत्ता बसला.

"कधी जाळलं हे?"

"पयल्याच दिवशी," आबा म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं. आणि शिक्का आणून दिलात माझ्या नावाचा."

तीनदा सांगितलं, तो म्हणाला, चौथ्यांदा सांगायला तोंड राहिलं नाही. आणि घरात मशीन चालत होतं. सकाळी उठलं की खडखड कानावर पडायची, कुणीतरी कामावर लागलंय असं वाटायचं.

"तो आवाज बंद होवक नको, असा वाटलां माका," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

शिक्क्याचं मात्र त्यानं वेगळंच सांगितलं. साच्यावर असताना एकदा त्याच्या हातून सगळा ताका बिघडला. धागे तुटत गेले आणि ह्याचा डोळा लागलेला. तेव्हा पोरगा आजारी, दंड परवडणारा नव्हता. त्यानं कडेचा आपला नंबर पुसला आणि शेजारच्या साच्याचा मारला. शेजारी मार्तंड होता, ह्याच्याच गावचा. मार्तंडाचा पगार कापला, वर आठ दिवस घरी बसवला. गिरणी बंद होईपर्यंत दोघं एका डब्यात जेवले आणि आबानं त्याला कधी सांगितलं नाही. मार्तंड मेला तेव्हा ह्यानंच खांदा दिला.

"माल खोटो हा ह्या मी परत बोलूक शकलंय नाय," आबा म्हणाला. "निदान नाव तरी खरां ऱ्हवांदे."

सुबोध दारात उभा होता. बापाची ही गोष्ट त्यानंही पहिल्यांदाच ऐकली. आजारी पोरगा तोच होता.

शेवंतीला म्हाताऱ्याचा राग आला. इतका, की उठून त्याची काठी फेकून द्यावी. स्वतः चोरी केली, तीस-चाळीस वर्षं गिळून बसला आणि तिचं प्रायश्चित्त माझ्या नावानं करवून घेतलं. तिनं त्या दिवशी त्याला ताट वाढलं, पण नेहमीसारखं पुढ्यात बसली नाही.

सकाळी अकराला ती ऑफिसात होती. बारा गाळेवाले बाकावर बसले होते. तिला बघून माणिकनं पदर सारखा केला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. साहेबानं कागद पुढं सरकवला. म्हणाला, माल कुठून आला ते लिहा, माहीत नसेल तर तसं लिहा.

शेवंतीनं पेन हातात धरलं. हळदीचं बोट नीट वाकत नव्हतं. सुबोध मागं उभा होता, त्याचा श्वास तिला मानेवर जाणवत होता. तिच्या डोळ्यांपुढं पाच पोती आली, मे महिन्याचे उरलेले दिवस आले, माणिकचं ते रोखलेलं बोट आलं. आणि मॅडमचा मऊ आवाज. नाव कुठंय आमचं.

तिनं लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरांत. पिशव्या मी शिवल्या. कापड आहे असं सगळ्यांना मी सांगितलं. माझ्या सासऱ्यांनी मला तीनदा सांगितलं होतं की हे कापड नाही, मी ऐकलं नाही. रोल हरितस्पर्शच्या शर्मिष्ठा मॅडमनी दिले, पावती नाही. शिक्का माझा आहे.

साहेबानं वाचलं. चष्मा काढून पुसला. मग पहिलीच खेप आणि फसवणूक झालीय असं बघून बारा जणांना लेखी ताकीद देऊन सोडलं. शेवंतीचं प्रकरण वर जाणार होतं, सुनावणीची तारीख जूनची. तोवर गाळा बंदच. बारा जण उठून गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला, बोलण्याचा नाही.

मे तसाच गेला. बंद शटरच्या फटीतून बोंबलाचा वास येत राहिला आणि गिऱ्हाइकं येऊन कुलपाचा कागद वाचून जात राहिली. जबाब दिल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी शेवंती घराच्या दारात बसून मसाल्याची मिरची निवडत होती तेव्हा माणिक आली. आत आली नाही. काखेतून एक जुनं सुती लुगडं काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं.

"आईचं आहे," ती म्हणाली. "धा पिशव्या होतील ह्याच्या. फुलाला लागतात." लुगडं आत सरकवलं. "शिक्का मार."

आबा काठी टेकत उठला, उंबऱ्याशी आला, लुगड्याची कड चिमटीत घेऊन चोळली. एक उभा धागा ओढला, एक आडवा. पेटवले. राख झाली, त्यानं ती शेवंतीला तळहातावर दाखवली.

शेवंतीनं राखेकडं बघितलं. मग त्याच्या हातातली काडेपेटी काढून घेतली, लुगड्यातून दुसरा धागा ओढला आणि स्वतः पेटवून बघितला.